बंदुकीचं माहेर

जगात बंदुका बाळगणारे पुष्कळ असतील, पण बंदुकीला सुनेसारखी नांदवणारा माणूस एकच झाला आणि तो माझ्या वाट्याला मामेसासरा म्हणून आला. गुंद गावच्या रानात मामांची भातशेती. रानडुकरांपासून पीक राखायला लायसन काढून घेतलेली एकनळी बंदूक त्यांच्या माजघरात दोन खुंट्यांवर पडून असे. 'पडून' म्हटलेलं त्यांना खपत नसे. "ती निजलीया," असं ते म्हणत. ती या घरची सून आणि नळीवर जिचं नाव कोरलंय ती कंपनी तिचं माहेर, असं त्यांचं नातेगोत्याचं गणित होतं. माहेर भक्कम असलं की सुनेच्या वाटेला कुणी जात नाही, हे ते इतक्या गंभीरपणे सांगत, की बंदुकीची तब्येत विचारल्याशिवाय उठणं मला प्रशस्त वाटत नसे.

या सुनेनं आजवर एकही डुक्कर मारलं नव्हतं. मामा बार काढायचे तो आभाळात. "भिऊन पळत्यात तर मारायचं कशाला? जीवच त्यो," असं म्हणायचे. डुकरं पळतही, पण ती सुरुवातीची काही वर्षं. पुढे पुढे बार होईपर्यंत ती बांधापाशी अदबीनं थांबत आणि तो झाला की निवांत शेतात उतरत, कारण दुसरं काडतूस भरायच्या आधी मामांना चष्मा शोधावा लागे. तरी मामा म्हणत, "हिच्या वचकानं निम्मं पीक तरी घरात येतंय." मामी चुलीपुढून म्हणत, "व्हय तर, आणि निम्मं हिच्या त्या डुकरपाव्हण्यांच्या घरात जातंय."

निवडणूक आली की सगळ्यांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागत. आसपासचे बंदूकवाले पोत्यात, घोंगड्यात बंदूक गुंडाळून रामनगरला यायचे. मामांची मामींच्या जुन्या लुगड्यात यायची. "भिंतीकडं तोंड करून ठेवा, हवालदारसाहेब, लाजरी हाय," असं बजावून मामा बाहेर पडत. निकालानंतर ती घरी आली की मामी कुरकुरत का होईना, उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळून टाकत.

जमा करून झालं की ही मंडळी स्टँडसमोरच्या हॉटेलात बसत. मी तेव्हा रामनगरला वीज खात्यात होतो. हॉटेलात नेहमी एकच वाद पेटायचा: बंदुका बनवणारी कंपनी बंदूकवाल्यांच्या बाजूची की नाही? मामांच्या विरुद्ध बाजूला असायचे अण्णा. खानापूरकडचे, रामनगरात भुसाराचं दुकान, घरी दुनळी बंदूक. ते म्हणायचे, "मामा, कंपनी म्हंजे दुकान. इकलं की संपलं. नांगर करणारा सुतार पेरायला येतो व्हय?"

"सुतार येत नसंल. माहेर येतंय."

हे असं वर्षानुवर्षं चाललं असतं. पण एका वर्षी मामांच्या लायसनची मुदत संपली आणि कचेरीतून कळलं, की गुंदच्या आजूबाजूचं जंगल आता राखीव झालंय, त्यामुळे लायसन पुन्हा मिळायचं नाही. बंदूक कायमची जमा करा. मामा पंधरवडाभर नीट जेवले नाहीत. मग हॉटेलात येऊन त्यांनी जाहीर केलं, "लेकीला घराभाईर काढत्यात म्हटल्यावर माहेर गप बसायचं न्हाई. कंपनी सरकारशी बोलंल."

अण्णा हसले. "जंगलखात्याच्या गार्डाच्या खांद्यावर बघितलीसा न्हवं? ती कुठल्या कंपनीची? तुमच्या सुनेची सख्खी भन हाय ती!"

मामांनी चहा बशीत ओतला, फुंकला, प्यायला, आणि मग म्हणाले, "एका घरच्या दोन लेकी दोन घरी दिल्या, म्हणून माहेर वंगाळ ठरतंय व्हय?" या मुद्द्यावर अण्णांनाही भजी मागवावी लागली.

बेळगावच्या बंदुकीच्या दुकानात कंपनीचा माणूस येणार असल्याचं कळलं, तेव्हा मामा मला घेऊन निघाले. माहेरी रिकाम्या हातानं जाऊ नये म्हणून रानातल्या मधाची बाटली बरोबर घेतली. कंपनीचा माणूस म्हणजे टाय बांधलेला कोवळा मुलगा. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "आजोबा, आम्ही बंदुका बनवतो. लायसन सरकारचं," तो म्हणाला. "आणि सरकारच आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. त्याच्याशी कसं भांडायचं?" मधाची बाटली बघून तो ओशाळला आणि पिशवीतून बंदुकीच्या तेलाची एक लहान बाटली काढून त्यानं मामांच्या हातावर ठेवली.

परतीच्या बसमध्ये खानापूर येईपर्यंत मामा तेलाची बाटली उजेडाला धरून बघत होते. मग म्हणाले, "पोरगं गुणाचं हाय, न्हाई जावईबापू?" हॉटेलात त्यांनी बाटली टेबलावर ठेवली. "कंपनीनं तेल दिलंय. परकं मानलं असतं तर दिलं असतं व्हय?" अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहात बघत राहिलो. एवढा सोपा झेल हातात आलेला असताना अण्णांनी त्या दिवशी तो सोडून दिला आणि भजी मागवली.

बंदूक गेली. लुगडं तेवढं परत आलं. त्या वर्षी खंडेनवमीला मी गुंदला होतो. कोयते, विळे, कुदळ पाटावर मांडून झाले होते आणि मधली जागा मामांनी रिकामी ठेवली होती. इतक्यात काखेत घोंगड्याची वळकटी मारून अण्णा अंगणात उभे राहिले.

"घरात चुना चाललाय. पूजेला जागा न्हाई. हितंच करतो."

वळकटीतून दुनळी निघाली. मामांनी ती दोन्ही हातांनी उचलून मधल्या जागेवर निजवली, कुंकू लावलं आणि हळूच विचारलं, "कुठल्या घरची म्हणायची ही?"

"तुमच्या सुनेची थोरली भन," अण्णा म्हणाले. "एकाच माहेरची."

मामा आत गेले आणि तेलाची बाटली घेऊन आले. तोवर तिचं बूचही त्यांनी उघडलं नव्हतं. "मग माहेरचं तेल हिलाबी चालंल," असं म्हणत ते धोतराच्या सोग्यानं नळी पुसू लागले.

मी जवळच बसलो होतो. नळीवर भलत्याच कंपनीचं नाव होतं. अण्णांना ते ठाऊकच असणार. मामांनीही, मला वाटतं, ते वाचलं असावं, कारण त्या दिवशी चष्मा त्यांच्या डोळ्यांवर होता. पण तेल लावताना त्यांचा अंगठा त्या नावावरून दोनदा फिरला आणि ते म्हणाले, "माहेरच्या वळणावर गेलीया हो."