एलिफलेटच्या मागे व्हर्ना

माझी बहीण व्हर्ना हॅकेट जन्मभर गावच्या शाळेत स्वयंपाक करत होती. तिच्या हातचं खाऊन वाढलेली माणसं आज व्हरमाँटच्या प्रत्येक डोंगरवस्तीत सापडतील. निवृत्त झाल्यावर मात्र तिने आमचा मूळपुरुष शोधायला घेतला आणि माझ्या म्हातारपणाची शांतता संपली.

तिला टेकडीवरच्या जुन्या दफनभूमीत जागा हवी होती. तिथून आमची कुरणं दिसतात, पलीकडे ओढा आणि मेपलची झाडं. पण गाव वसवणाऱ्यांच्या वंशजांनाच तिथे पुरायचं, असा नियम आहे. बाकीच्यांनी खाली, हमरस्त्याला लागून. "मेल्यावरसुद्धा ट्रक ऐकत पडू का?" असं ती मला रोज नाश्त्याला विचारायची, जणू ट्रक मीच हाकत होतो.

आमचं शेत जंगल तोडून काढलं ते एलिफलेट हॅकेटने. तो गाव वसवणाऱ्या एझ्राचा मुलगा, असं आम्ही धरून चाललो होतो. दफनभूमी समितीची लुसील मानेना. एझ्राच्या एलिफलेटचा दगड टेकडीवर कुंपणापाशी उभाच होता, आणि त्यावर कोरलं होतं की तो तिसऱ्या वर्षी वारला.

"तीन वर्षांच्या पोराला नातवंडं कशी होतील गं, व्हर्ना?" लुसीलने भर दुकानात विचारलं आणि आपलं चीज उचलून निघून गेली.

मग सगळा उन्हाळा टेकडीवर गेला. झिजलेली अक्षरं वाचायची तर त्यांच्यावर ऊन आडवं पाडावं लागतं. म्हणून गवत कापायचं सोडून मी न्हाणीघरातला आरसा धरून उभा.

"डावीकडे. अरे, तुझं डावं," ती ओरडायची. माझे खांदे भरून यायचे, पण तिला काय त्याचं.

कुंपणापाशी शेवाळाखाली आणखी एक एलिफलेट निघाला, एझ्राचाच, पहिला गेल्यावर जन्मलेला. त्या काळी मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव देत. व्हर्नाचा चेहरा उजळला, आणि खालची ओळ वाचून पडला. हाही पाळण्यातच गेला होता. मी म्हटलं, झालं, आता घरी चल. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

एझ्राच्या पहिल्या बायकोचा, मेहिटेबलचा, दगड दूर एकटा होता. इतक्या हिवाळ्यांत जमीन गोठून आणि वितळून तो कलून अर्धा आत गेलेला. व्हर्नाने शाळेचा मोठा वाढायचा चमचा काढला आणि माती उकरू लागली. मातीखालची अक्षरं काल कोरल्यासारखी होती. आरसा लागलाच नाही. बाळंतपणात गेली, मागे एकच मूल राहिलं, तिसरा एलिफलेट.

लुसील आली, गुडघ्यांवर बसून तिने ते दोनदा वाचलं, आणि एझ्राशेजारची जागा देऊ केली, टेकडीच्या माथ्यावरची.

"नको. मला इथे दे, हिच्याजवळ," व्हर्ना म्हणाली.

तिथे झाडी दाट. तिथून कुरण काय, आमचं छप्परही दिसत नाही. माझा तोल गेला. "मग मी उन्हाळाभर आरसा धरला तो कशाला?"

"कुरणं जन्मभर पाहिली मी. हिची दोन पोरं तिकडे कुंपणाला, नवरा दुसरीच्या शेजारी. हिच्यापाशी कोणी नाही."

व्हर्नाने गुडघ्यांची माती झटकली. "उभा काय राहिलास? पहार आण. दगड सरळ करायचाय."