तपासलेलं तोंड

तंबाखूचा बार भरल्याशिवाय बबनभाऊ कुठल्याही कागदावर सही करत नसत. चिखलीच्या जुन्या शेतकरी घरातले. शेतावर इमारती उभ्या राहिल्या, तरी हे आमच्या सरकारी कार्यालयात हेडक्लार्कच राहिले. काही विचारलं की हनुवटी वर करून, ओठ सांभाळत म्हणायचे, "थांबा ताई, आधी त्वांड मोकळं करू द्या."

मग नवा कायदा आला. सरकारी कर्मचाऱ्यांत कॅन्सर किती, त्यावर खर्च किती, याचा अभ्यास करायचा आणि सगळ्यांची तपासणी करायची. वरून हुकूम शंभर टक्क्यांचा, आणि शंभर टक्के म्हटलं की आमच्याकडे माणसं नाही, सह्या मोजतात. भाऊ डॉक्टरांपुढे तोंड उघडायला तयार नव्हते. "काय निघालं म्हंजी? त्यापरीस न बघितलेलं बरं!"

शेवटी त्यांनी ऑफिसची जुनी रीत वापरली. हजेरीला एकाच्या जागी दुसरा जातो, तसा तपासणीला शिपाई किसन गेला. किसन मराठवाड्यातला, कंत्राटी, सुपारीचं खांडही न खाणारा. गळ्यात भाऊंचं ओळखपत्र. त्यावरचा फोटो इतका जुना, की कोणीही खपलं असतं.

आणि निघालं ना! किसनच्या गालात डाग सापडला. सुरुवातीचाच, पण कॅन्सर. कागदावर रुग्ण मात्र बबनभाऊ.

भाऊ पांढरेफटक पडले. साहेबांकडे जाऊन त्यांनी आडून विचारलं, कायद्यात कंत्राटी माणूस बसतो का? साहेब हसले. "ते कंत्राटदाराला विचारा. आपला अभ्यास फक्त कायम कर्मचाऱ्यांचा."

भाऊंनी बाहेर येऊन किसनचा दंड धरला. "आजपास्नं तूच बबन. इलाज करून घे. मी हाय." भाऊंनी आजारपणाची रजा टाकली, किसनचं ऑपरेशन झालं, आणि तो ठणठणीत होऊन पुन्हा चहा वाटायला लागला. सरकारदरबारी भाऊ बरे झाले.

पुढे कधीतरी भाऊ डब्यातली भाकरी दुधात कुस्करायला लागले. तिखट लागलं की डोळ्यांत पाणी. मी खडसावलं, "भाऊ, आज डॉक्टरकडे चला!"

"कसा येऊ ताई? कागदावर माझं आपरेशन झालंय. गालात टाका दिसला न्हाई की चौकशी लागंल. माझं काय, पेन्शन जाईल. पन किसनची चाकरी जाईल, वर पोलीस. दोन पोरी हायेत त्याला."

मी भांडले, रडले, नको नको ते बोलले. हा बाबा ढिम्म हलला नाही! अखेर किसनलाच कळलं. "जेलात जाईन, पण तुम्ही चला," म्हणत त्याने त्यांना गाडीवर मागे बसवून दवाखान्यात नेलं. तोवर उशीर झाला होता; चौकशी लागायच्या आधीच भाऊ गेले. मला त्या माणसाचा अजून राग येतो, आणि राग आला की रडूही येतं.

इंद्रायणीकाठी दशक्रियेला, आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे, माईकवरून श्रद्धांजलीची भाषणं झाली. साहेब म्हणाले, "बबनराव म्हणजे वेळेवर तपासणीचं जिवंत उदाहरण! अभ्यासात आपल्या कार्यालयाचे पूर्ण बरे झालेले एकमेव रुग्ण!" लोकांनी माना डोलावल्या. माईक हिसकावून घ्यावा असं मला वाटलं.

मुंडणाला भावकी बसली होती. तिच्या शेवटी किसनही जाऊन बसला. भाऊंच्या मुलाने विचारलं, "तुम्ही आमचे कोण हो?"

किसनने डोकं खाली घातलं. "काय सांगू दादा. तुमच्या वडिलांच्या नावावर जगायलोय मी."