तिसरा डबा

माझे बाबा उकव्याच्या मँगनीज खाणीत कारकून होते आणि मेसचं जेवण त्यांच्या पोटाला मानवत नसे. आई बालाघाटात शिक्षिका. तिची बदली काही होईना. म्हणून आठवीत असल्यापासून रोज सकाळी उकव्यावरून पुढे बैहरला जाणाऱ्या बसच्या कंडक्टरकडे मी त्यांचा डबा द्यायची आणि संध्याकाळच्या बसमधून आदल्या दिवशीचा रिकामा उतरवून घ्यायची. रिकामा म्हणायचं आपलं. बाबा त्यात काहीतरी घालायचेच, कधी तेंदूची फळं, कधी मूठभर चारोळी. रिकामं भांडं परत करायचं नाही, हा नियम त्यांनी कधी मोडला नाही.

घरात डबे तीन होते. एक बाबांकडे, एक वाटेत, एक धुऊन ओट्यावर पालथा. एक अडकला की सगळी घडी विस्कटायची. एका कंडक्टरनं तर दोनदा डबा थेट बैहरपर्यंत फिरवून आणला आणि बाबा दोन्ही दिवस उपाशी राहिले. मला राग पटकन येतो. त्या दिवसापासून त्याची पाळी असली की मी डबा ड्रायव्हरच्या हवाली करायची.

पुढे बी.कॉम. झालं, आणि सायबर कॅफेत बसून बिझनेस स्कूलांची माहिती काढताना 'सप्लाय चेन' हा शब्द भेटला. माल इथून तिथे वेळेवर कसा पोचवायचा, याचं शिक्षण. मला वाटलं, अरे, हे तर मी आठ वर्षं बसस्टँडवर करतेय!

आईनं कपाळाला हात लावला. "सप्लायचं शिकाले इतक्या दूर काहून जातं व पोरी? इथं कलेक्टर ऑफिसात सप्लाय खातं हाये ना!" तिच्या लेखी सप्लाय म्हणजे राशन.

दोन ठिकाणी निवड झाली. एक नागपूरचं, नावाजलेलं, सगळ्यातलं थोडं थोडं शिकवणारं. दुसरं पार बंदराच्या शहरातलं, फारसं कुणी न ऐकलेलं, पण तिथे सप्लाय चेनच शिकवत. दोन्ही मुलाखतींत मी डब्याची गोष्ट सांगितली होती. नागपूरचे हसले आणि पुढचा प्रश्न विचारला. बंदराच्या शहरातल्या एका म्हाताऱ्या सरांनी मात्र विचारलं, "और खाली डिब्बा? वो कैसे लौटता था?" त्या प्रश्नानं माझी झोप उडाली.

बाबा तोवर निवृत्त होऊन घरी आले होते. त्यांचा निकष एकच. "नागपूरले डबा जाते. सकाळच्या बसनं टाकला का दुपारी तुह्या हातात. तिकडं कोणाच्या हाती देऊ मी?"

होकार कळवायला दोन दिवस उरले होते. मी नागपूरच्या कागदावर सही केली. बाबांनी लिफाफा बंद केला आणि सकाळी नागपूरच्या बसच्या कंडक्टरकडे दिला. टपालावर त्यांचा विश्वास नव्हता. ते घरी परतले आणि माझा जीव थाऱ्यावर राहीना. भाजी निवडायला बसले, उठले. पेपर उघडला, मिटला. शेवटी सायकल काढली.

बस अजून भरत होती. कंडक्टर तोच, डबा बैहरला नेणारा, आता नागपूरच्या गाडीवर.

"काय व, डबा राह्यला का?"

"नाही काका, लिफाफा द्या. बाबानं चुकीचा देल्ला."

धडधडीत खोटं बोलले. तिथूनच जाऊन बंदराच्या शहरातल्या कॉलेजला होकाराचा फॅक्स केला, आणि घरी येऊन लिफाफा बाबांपुढे ठेवला.

त्यांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "म्हंजे मी चढवलेला डबा तुनं वाटेतच उतरवला."

"हौ," मी म्हटलं. मला रडू फुटलं, पण लिफाफा काही मी परत उचलला नाही.

निघायच्या दिवशी स्टेशनवर त्यांनी तिसरा डबा माझ्या हातात दिला, दशम्या आणि लसणाची चटणी भरून. "वापस पाठवजो," एवढंच म्हणाले.

आज कुठला माल कुठे अडकलाय ते शोधून काढणं हीच माझी नोकरी आहे. सुट्टीत घरी गेले की डबा न्यायचा हमखास राहतो. बाबा फोनवर विचारतात, "तिसरा डबा कुठी अडकला व?" मी सांगते, निघालाय. तो माझ्या ओट्यावर पालथा असतो. त्यात काय घालून परत करावं, ते मला अजून सुचलेलं नाही.