पाचवा परका

हसा, माझी काही हरकत नाही, पण कप खाली ठेवून हसा. मागच्या खेपेला ही फजिती सांगितली तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला, आणि त्याचा पांढरा शर्ट मला धुऊन द्यावा लागला!

माझं मंगरूळपीरला झेरॉक्सचं दुकान आहे, कचेऱ्यांच्या रांगेत. आता झेरॉक्सवाला म्हटलं की तुम्हाला काय वाटतं? बटण दाबणारा माणूस? अहो, अर्ध्या तालुक्याचे सातबारे, रेशनकार्डं, शाळा सोडल्याचे दाखले माझ्या काचेवर पालथे पडतात! कोणाच्या आज्याचं नाव काय, कोणाच्या आईचं माहेर कुठलं, मशीन गरम होईपर्यंत सगळं माझं वाचून होतं. वीस वर्षं वाचतोय. त्यामुळे माझा असा समज झाला होता की जिल्ह्यात मी सगळ्यांना ओळखतो. आणि आपण सगळ्यांना ओळखतो म्हटल्यावर सगळे आपल्यालाही ओळखतात, हे माणूस धरूनच चालतो.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मशीनचा तो हिरवा उजेड इकडून तिकडे जातो आणि मला जागेपणी स्वप्नं पडायला लागतात. त्यातलं एक स्वप्न म्हणजे आपण पर्यटकांचा मार्गदर्शक व्हायचं. डोक्यावर टोपी, हातात काठी, मागे पुण्या-मुंबईची मंडळी, आणि आपण पडक्या देवळाकडे बोट दाखवून बोलतोय!

ते स्वप्न खरं केलं मीनलताईंनी. या पुण्याच्या. निवृत्त मंडळींच्या सहली काढतात. कुणाच्या तरी ओळखीनं त्यांचा फोन आला. म्हणाल्या, "जुनी भग्न देवळं, खेडी आणि तिकडची स्थानिक वाइन, असं एका दिवसात दाखवाल का? आधी आम्ही चौघं येऊन बघतो. आवडलं तर दर महिन्याला एक बस पाठवीन."

दर महिन्याला एक बस! मला त्या रात्री झोप लागली असेल का, तुम्हीच सांगा.

चैत्र नुकता लागला होता. मीनलताई, त्यांचे यजमान आणि दोन मैत्रिणी, असे चौघं त्यांच्या गाडीनं आले. पाचवा मी. गाडी यजमानच चालवत होते. मी पुढं बसलो आणि पहिल्याच वळणावर जाहीर करून टाकलं, "ताई, तुम्ही काळजीच करू नका. या जिल्ह्यात मला ओळखत नाही असा माणूस शोधून दाखवा!"

पहिला मुक्काम डोंगराच्या पायथ्याची वस्ती. पहाटे वेचलेली मोहाची फुलं अंगणा-अंगणात वाळत घातलेली, सगळ्या वस्तीला तो गोड, जड वास. पोटात काही जायच्या आधीच माणूस हळू बोलायला लागतो. तिथल्या एका म्हाताऱ्यानं आम्हाला बाजेवर बसवलं आणि स्टीलच्या पेल्यांत मोहाची दारू थोडी थोडी ओतली.

"ही तुमची वाइन?" मीनलताईंनी विचारलं.

"ताई, दुसरीकडं द्राक्षं पिळावी लागतात. आमच्याकडं झाडच रातभर फुलं गाळतं!"

म्हातारा म्हणाला, "घ्या जी, पन हळू घ्या. हे पयले पायात जाते, डोक्यात मांगून चढते."

यजमानांनी गाडी चालवायची म्हणून हातही लावला नाही. मीनलताई आणि मैत्रिणींनी जीभ बुडवली. मी? मी मार्गदर्शक. मी नुसती चव घेतली. चव नीट कळली नाही म्हणून पुन्हा घेतली. तिसऱ्यांदा का घेतली ते आता आठवत नाही.

त्यानंतरचा तास माझ्या आयुष्यातला फार सुंदर तास होता. गहू निघून गेलेली रिकामी शेतं, उन्हात थरथरणारी हवा, आणि आमची गाडी रस्त्याला न टेकता चालली आहे असं वाटत होतं. मागची एक मैत्रीण उघड्या खिडकीशी झोपून गेली. एका पळसाखालून गेलो तेव्हा एक केशरी फूल तिच्या मांडीवर येऊन पडलं, तरी तिला जाग नाही. कोणी बोलत नव्हतं. मला वाटलं, हा जिल्हा आपलाच आहे, आपण तो या लोकांना भेट देतोय. रस्त्याला फाटा आला. यजमानांनी विचारलं, "डावीकडे की उजवीकडे?" मी डोळे न उघडताच म्हणालो, "डावीकडे."

डावीकडे देऊळ होतंच! झाडीत एकटं उभं. शिखर गेलेलं, अर्धा मंडप पडलेला, खांबांवरच्या बायांची नाकं झिजून गुळगुळीत झालेली. गाभाऱ्यात पिंडीशेजारी एक पारवा बसला होता, तो आम्हाला पाहून उडाला नाही. मी काठी उचलली आणि सुरू झालो. कुठल्या राजानं बांधलं, राणीनं कसला हट्ट धरला, आणि समोरच्या तळ्यात पौर्णिमेला शिखराची सावली कशी पडायची.

"तळं कुठं आहे?" मीनलताईंनी विचारलं.

"आटलं."

"कधी?"

"यादवांच्या काळात!"

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं. मला काय माहीत लिहून घेतील म्हणून?

तेवढ्यात देवळामागून धूर दिसला, आणि वांग्याच्या भाजीचा वास आला. वा! वेळेवर! जेवणाचं मी आदल्या दिवशीच ठरवून ठेवलं होतं. आचाऱ्याला फोनवर सांगितलं होतं, "महादेवाच्या देवळापाशी एक वाजता रोडगे तयार पाहिजेत." रोडगे म्हणजे कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात, म्हणजे निखाऱ्यांत, भाजायचे, फोडून तूप घालायचं आणि वर वांग्याची भाजी.

मागं गेलो तर दहा-बारा माणसं. एक म्हातारी माय, तिची लेक, लेकीच्या मांडीवर लेकरू, आणि आरापुढं बसून रोडगे उलटवणारा एक जवान माणूस. आचाऱ्यानं सगळं घर आणलं की काय, असं मनात आलं. पण मी कडक आवाज काढला, "काय हो, सतरंजी अजून टाकली नाही? आणि भाजी कमी तिखट करा, पाहुणे पुण्याचे आहेत!"

सगळे माझ्याकडं बघतच राहिले. मग ती माय लगबगीनं उठली. तिचा चेहरा असा फुलला की मी चकित. "आले व माय! या जी, या. बसा. सतरंजी टाक रे!"

आमच्या चौघा पाहुण्यांना बसवलं. काय वाढलं, काय आग्रह केला! मी काठी घेऊन मागं उभा. "ताईंना तूप वाढा. हा रोडगा करपला, दुसरा द्या." रोडगे भाजणाऱ्यालाही एकदा म्हणालो, "अहो, लक्ष कुठं आहे?" त्यानं धुरानं लाल झालेले डोळे बारीक करून माझ्याकडं पाहिलं.

मी काठी खाली घेतली. हा माणूस माझ्या ओळखीचा! सासूचे कागद घेऊन सहा वेळा माझ्या दुकानात आलेला. म्हणजे हा आचारी नव्हे, या मायेचा जावई! मग आचारी कुठं?

खिशात फोन वाजला.

"सर, कुठी हा तुमी? रोडगे गार होऊन राह्यले."

"तू कुठं आहेस?"

"महादेवाच्या देवळात. तयात पाय सोडून बसलो हाय."

तळ्यात! म्हणजे फाट्याला उजवीकडं जायचं होतं. म्हणजे हे देऊळ दुसरंच, राणी दुसरी, हट्ट दुसरा. आणि मी कुणाच्या तरी घरच्या नवसाच्या पंगतीत शिरून, घरमालकिणीला तिखट कमी करायला सांगून, जावयाला दटावून बसलो होतो!

आता शहाण्या माणसानं काय केलं असतं? हात जोडले असते. पण मागं मीनलताई, वहीत यादव, आणि दर महिन्याची बस. माझी जीभ मोहानं सैल झालेली. तेवढ्यात माय जवळ आली. "तू बी बस ना बापा. तूच काहून उभा?"

मी ऐटीत म्हणालो, "माझं राहू द्या, माय. मी काय परका आहे का? मी घरचाच!"

"घरचाच?"

"मग! तुमचं माहेर इंझोरीचं ना? वडील तुकाराम, आजा सखाराम? मी तिथलाच की. नात्यानं भाचा लागतो तुमचा."

सगळं तिच्या कागदांवर वाचलेलं! मला वाटलं, चला, घरचा माणूस म्हटल्यावर सतरंजीचं बोलणं खपून जाईल. मायेनं दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. डोळ्यांतून पाणी. "माह्या माहेरचा! किती वर्सांनी कोनी आलं रे माह्या माहेरचं!" मीनलताई मागून मैत्रिणीला म्हणाल्या, "बघ, खरंच सगळे ओळखतात यांना." मी छाती काढली.

आणि मग मायेचा चेहरा एकदम पडला. ती मटकन खाली बसली.

"मंग चारच झाले," ती म्हणाली.

"काय चार?"

तिनं सांगितलं. लेकीला बारा वर्षं मूल नव्हतं. याच पिंडीपुढं मायेनं पदर पसरला होता. लेकरू झालं तर इथं पाच परकी माणसं जेवू घालीन, आणि ते पाच जेवल्याबिगर घरचं कोणी घोटभर पाणीसुद्धा पिणार नाही. "सकायपासून वाट पाहून राह्यलो, बापा. इथून जाते थो परतेक मानूस कोनाचा ना कोनाचा सोयरा निंगते! तिघं आले. एक पुतनीचा दीर, एक याहीचा साडू, एक तं आमच्या सयपाक करनारनीचा भाऊ. मंग तुमी पाच आले. मले वाटलं देवच आला. आता तू बी भाचा!"

मी पडल्या आवाजात आचाऱ्याचं नाव सुचवलं. "थो तं आमच्या भावकीतला," माय म्हणाली.

मी लेकीकडं पाहिलं. ओठ सुकलेले. लेकरू अंगावर ओढत होतं आणि दूध येत नाही म्हणून रडत होतं. पाण्याची घागर तिच्यापासून हातभर लांब होती. दुपारचे दोन वाजून गेले होते आणि वऱ्हाडातलं ऊन कसं, ते तुम्हाला सांगायला नको.

माझा मोह तिथल्या तिथं उतरला. खरं सांगतो, मला माझी इतकी लाज कधी वाटली नव्हती. मी मीनलताईंकडं पाहिलं, लेकराकडं पाहिलं आणि म्हणालो, "माय, मी खोटं बोललो. मी तुमचा भाचा नाही. मी इंझोरी पाहिलीसुद्धा नाही. तुमच्या वडलांचं नाव कुठं कळलं ते विचारू नका. मी या गावात आज पहिल्यांदा आलो, तेही रस्ता चुकून. हे देऊळ मला दाखवायचंच नव्हतं. त्याचं नावसुद्धा मला माहीत नाही."

मागं मीनलताईंची वही मिटल्याचा आवाज आला.

मायेनं माझ्याकडं पाहिलं. तिला वाईट वाटलं, ते मला दिसलं. माहेर आलं आणि दोन मिनिटांत गेलं. मग तिनं पदरानं डोळे पुसले. "जाऊ दे. माहेरचा नाही तं नाही. पन खरंच कोनी लागत नाही ना तू आमचा?"

"कोणी नाही, माय."

"पिंडीवर हात ठेव."

गाभाऱ्यात जाऊन ठेवला, परत आलो. मग तिनं सगळ्यांना मोठ्यानं विचारलं, "याले कोनी वयखते का? खरं सांगा, देवाचं दार हाय!"

आता माझी नजर त्या जावयावर! हा बोलला की संपलं. तो आरापासून उठला, जवळ आला, खांद्यावरच्या दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि मला टोपीपासून चपलेपर्यंत पाहिलं.

"नाही," तो म्हणाला. "जिंदगीत नाही पाह्यला."

माय टाळी वाजवून हसली. "बस बापा, बस! पुरा परका हाय!"

मी बसलो. पहिला घास गळ्याखाली गेला, आणि मायेनं स्वतः लेकीच्या तोंडाला तांब्या लावला. ती गटागटा पाणी प्यायली. थोड्या वेळानं लेकरू रडायचं थांबलं. सगळे जेवायला बसले, आणि देवळामागच्या सावलीत एक अशी शांतता पसरली की तो पारवाही बाहेर येऊन आमच्यात फिरायला लागला. मीनलताईंच्या मैत्रिणीच्या मांडीवर ते लेकरू झोपलं. कोणाला उठावंसंच वाटेना. मला अजूनही त्या दुपारची स्वप्नं पडतात.

निघताना मीनलताई म्हणाल्या, "बस मी पाठवीन. असं जेवण आम्हाला कुठं मिळणार? फक्त इतिहास तुम्ही सांगायचा नाही."

तेही मान्य. पण एक काम राहिलं होतं. जावई घागरीपाशी हात धूत होता. मी त्याला बाजूला घेतलं आणि त्याचे ओले हात धरले. "भाऊ, तुमचे उपकार विसरणार नाही. देवाच्या दारात माझ्यासाठी तुम्ही खोटं बोललात."

"खोटं? कायचं खोटं?"

"अहो, सहा वेळा तुम्ही माझ्या झेरॉक्सच्या दुकानात आलात! समोरच्या स्टुलावर बसून चहा घेतलात. एकदा छत्री विसरलात. काळी, मोडक्या मुठीची."

तो विचारात पडला. मग त्याचा चेहरा उजळला. माझा जीव सुपाएवढा झाला!

"म्हंजे छत्री तिथं राह्यली व्हय!" तो म्हणाला. "आलं ध्यानात. दुकान आलं, मशीन आली, थो हालता स्टूल बी आला." मग त्यानं कौतुकानं माझ्याकडं पाहिलं. "पन भाऊ, तुमाले हे सारं कसं मालूम? तुमी बी तवा तिथं होते का?"