नळकांड्याच्या गळ्यातलं कार्ड

बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात आगीपासून बचावाच्या खात्यात होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी विश्रांतवाडीच्या फ्लॅटमध्ये एक लाल अग्निशामक आणून स्वयंपाकघराच्या दाराशी टांगला. आई त्याला नळकांडं म्हणायची. आमच्याकडे भडका उडण्याइतकं तेल ओततं कोण, असंही म्हणायची. बाबांवर परिणाम शून्य.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आंघोळ झाली की ते नळकांडं उतरवायचे. आतली पूड घट्ट बसू नये म्हणून उलटंसुलटं करून हलवायचे, काटा हिरव्या पट्ट्यात आहे ना ते बघायचे, आणि त्याच्या गळ्यात तारेनं बांधलेल्या कार्डावर 'ठीक' लिहून सही करायचे. कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे शेजारी दुसऱ्या माणसाच्या तपासणीचा रकाना. दुसरा माणूस म्हणजे रविवारी भेटायला येणारा मी. हातात पोह्यांची बशी धरून, काट्याकडे न बघता मी बरोबरची खूण करायचो.

मग बाबा आजारी पडले, वॉकरशिवाय चालेनात. म्हणाले, आता पहिली सही तुझी. मी हिंजवडीत आयटीतला माणूस. शुक्रवारी न केलेल्या कामाचे तास टाइमशीटमध्ये भरण्यात हात बसलेला. जूनच्या पहिल्याच रविवारी मी डिसेंबरपर्यंतच्या सगळ्या ओळी 'ठीक' लिहून, सह्या ठोकून मोकळा झालो. स्वतःच्या तत्परतेचं कौतुकही वाटलं.

ऑगस्टमध्ये बाबा सारखं एकच विचारू लागले.

"काटा पाहिलास का रे?"

"पाहिला, बाबा. हिरवा आहे."

अर्ध्या तासानं पुन्हा तेच. मी डॉक्टरांना सांगितलं, विसरायला लागलेत. त्यांनी एक गोळी वाढवली. कंपनीच्या बसमध्ये मी बाबांच्या या प्रश्नाची नक्कलही करून दाखवली, लोक हसले. मला बरं वाटलं.

सप्टेंबरात बाबा गेले.

ऑक्टोबरमध्ये आईला आमच्याकडे आणायचं ठरलं आणि फ्लॅट रिकामा करायला घेतला. नळकांड्याची मुदतही एव्हाना संपलेली. भंगारवाल्याकडे नेलं, तर त्यानं हात मागे घेतला. आत दाब असेल, कापताना फुटलं तर हात जाईल, म्हणाला. घंटागाडीतही टाकू नका, हे भरून देतात त्यांच्याकडे न्या. म्हणून स्कूटरवर पायांत धरून भवानी पेठेतल्या एका दुकानात गेलो.

दुकानदार वयस्कर होते. त्यांनी चष्मा वर करून काटा पाहिला. लाल. तरी रिकामं समजू नका, म्हणाले, थोडा दाब उरतोच. ते आधी तो सोडणार, पूड पिशवीत काढून घेणार, नळकांड्याला भोक पाडणार आणि मगच भंगारात देणार होते. मग त्यांनी कार्ड वाचलं.

"साहेब, आज ऑक्टोबर. डिसेंबरात ठीक असणार हे तुम्हाला कुणी कळवलं?"

मी हसत टाइमशीटचं सांगितलं. ते हसले नाहीत. नुसतं दुसऱ्या रकान्यावर बोट ठेवलं.

जूनच्या माझ्या सहीशेजारी पेन्सिलीची खूण होती. जुलैच्याही. ऑगस्टच्या ओळीत, माझ्या 'ठीक'ला लागून, थरथरत्या अक्षरांत लिहिलं होतं : काटा लाल. भरून आणणे.

कार्डही टाकायचं का, दुकानदारांनी विचारलं. मी नकारार्थी मान हलवली. त्यांनी पकडीनं तार तोडली आणि कार्ड माझ्या हातात दिलं.

फ्लॅटवर परतल्यावर आईला दाखवलं. ती भांडी कागदात गुंडाळत होती. तिनं कार्ड लांब धरून वाचलं आणि म्हणाली, हो, महिन्याच्या पहिल्या रविवारी तू गेलास की वॉकर घेऊन जायचे तिथपर्यंत. मी पाठीमागे उभी राहायचे, पडतील म्हणून.

"मग मला का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होते. तर म्हणाले, काही बोलू नकोस. मी विचारत राहतो, कधीतरी उठून बघेल."

तिनं पुढचं पातेलं घेतलं. दाराशी भिंतीवर नळकांड्याच्या मापाची पांढरी जागा राहिली होती आणि वर रिकामा खिळा. मी उठून त्याच्यासमोर जाऊन उभा राहिलो.