तळहातावरचं वजन

जळक्या वायरीचा वास आला, की राजारामपुरीतलं ते दुकान आठवतं. व्हिडिओ एडिटिंगसाठी कॉम्प्युटर स्वतः जोडायचा म्हणून मी पार्ट निवडत होतो आणि जन्म फौंड्रीत घालवलेले आबा, माझे वडील, सोबत होते. त्यांनी पॉवर सप्लाय तळहातावर तोलला. “पावणं, हलका हाय ह्यो. आत तांबं कमी हाय की.” दुकानदार हसला, तशी मला लाज वाटली. “आबा, ही तुमची फौंड्री न्हाय,” मी खेकसलो. त्यांनी तो हळूच खाली ठेवला. मी तोच घेतला. महिन्याभरात तो जळाला, सोबत मदरबोर्डही घेऊन गेला. आता आबा नाहीत. परवा मुलीसाठी पार्ट घेताना मी पॉवर सप्लाय हातावर तोलला आणि मागं वळून विचारलं, “बरोबर हाय न्हवं?” मुलगी म्हणाली, “पप्पा, कुणाला विचारताय?”