झिलीची जागा

कापसाची वाळकी पऱ्हाटी जळल्याचा वास आला की पांढरकवड्याकडच्या आमच्या गावचा चौक आठवतो. दारूदुकान बंद करायचा ठराव ग्रामसभेत येणार होता आणि सभेआधी मी चौकात गाणार होतो. पऱ्हाटीच्या जाळावर मी डफ तापवला, पण मागून ओळ उचलणारे, झील धरणारे माझे दोघे सोबती ओट्यावरून उठेनात. "काहून रे?" मी विचारलं. "तू उद्या यवतमाळले निघून जाशीन गड्या, आमाले इथंच राहा लागते." मी एकटाच गायलो. प्रत्येक कडव्यानंतर झिलीसाठी थांबलो, तर पानठेल्यावरून कोणीतरी ओरडलं, "काहो कलाकार, अटकली का गाडी?" सगळे हसले, ते दोघेही. सभेत ठरावाच्या बाजूनं माझ्याशिवाय एकही हात वर झाला नाही. आजही मी एकटाच गातो, पण कडव्यानंतर थांबतो, झिलीची जागा स्वतः भरत नाही. ती गावाची आहे.